पळसदेवचें देवालय व ‘हेमाडपंती’ हा शब्द

इंदापूर तालुक्यांत भीमातीरीं असलेल्या पळसनाथाच्या देवालयासंबंधीं जें लिखाण आमच्या वाचण्यांत येतें, त्यांत ‘हेमाडपंती’ हें विशेषण बहुधा ठरलेलें असतें. तें येथें कितपत टिकतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

हेमाद्रि हा देवगिरीच्या महादेव (१२६१–७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रत, दान, श्राद्ध, काल इत्यादि विषयांचा धर्मनिबंध आहे, शिल्पशास्त्र नव्हे. उलटपक्षीं पळसदेवचा मराठी शिलालेख, जो डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं ‘प्राचीन मराठी कोरीव लेखां’त घेतला आहे, तो शके १०७९ चा, म्हणजे इ. स. ११५७ चा. त्या वेळीं कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा तैलप राज्य करीत होता. हेमाद्रीच्या अधिकारास अद्याप शंभर वर्षें अवकाश होता. चुन्यावांचून सांधलेलें प्रत्येक जुनें देऊळ त्याच्या नांवें घालणें ही सोय झाली, प्रमाण नव्हे. अंबरनाथचा लेख तर शके ९८२ चा. तरी त्या देवालयासहि लोक हेमाडपंतीच म्हणतात.

मात्र दुसऱ्या बाजूसहि सावधगिरी हवी. लेखाचा शक हा तें स्थान त्या काळीं नांदतें होतें याचा पुरावा होय. देवळाच्या प्रत्येक थराचा नव्हे. खालील बांधणी दगडी, वरील शिखर विटांचें. दोन्ही एकाच काळचीं मानण्यापूर्वीं त्यांचे सांधे तपासले पाहिजेत.

ही तपासणी मनास येईल तेव्हां करतां येत नाहीं. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयांत जुनें पळसदेव बुडालें. गांव वर जाऊन वसला, देवालय मागें राहिलें. पाणी फार ओसरलें म्हणजेच तें उघडें पडतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत तसें पडलें होतें. हें वारंवार भिजणें व वाळणें दगडासहि मानवत नाहीं, मग विटेची कथा काय ?

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति अशी कीं, धरणापूर्वींचीं छायाचित्रें, नकाशे किंवा पळसदेवच्या वतनांचे कागद ज्यांच्या दप्तरीं असतील, त्यांनीं ते उजेडांत आणावे. आणि पाणी उतरल्यावर ज्यांस तेथें जाणें घडेल, त्यांनीं ‘हेमाडपंती’ हा शब्द घरीं ठेवून मोजपट्टी तेवढी बरोबर न्यावी.