पांढऱ्या रंगाखाली

चर्चच्या तरुण पोरांच्या मूकनाट्यात मी दोन वर्षं काम केलं. मी बौद्ध, लूमवरचा कामगार. मागांच्या खडखडाटात कुणाचं ऐकू येत नाही, आमचं सगळं हातवाऱ्यावर चालतं. म्हणून त्यांनी मला घेतलं. मेहनत पक्की होती. नसलेली दोरी ओढताना टाचेपासून खांद्यापर्यंत अंग कसं ताणायचं ते तिथं कळतं. आपल्या पथनाट्यातल्या भाषणबाजांनी हे शिकावंच.

पण पाप म्हणून दाखवतात काय? बाटली, पत्ते, नोटा, आणि बाई. (बाई लागतेच!) मग येशू साखळ्या तोडतो. जातीची साखळी कुठंच नाही. पोरं तर बहुतेक आपल्याच जुन्या वाड्यांतली. १९५०च्या आदेशात अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या होत्या. शीख १९५६ला आत आले, आपण बौद्ध १९९०ला, ही पोरं अजून बाहेरच. ज्यांनी ओरडायचं त्यांच्याच तोंडाला कुलूप, आणि वर पांढरा रंग. तो रंग फ्रेंच पिएरोचा; आमच्या तोंडावर चुना फासल्यागत दिसतो.

जोतीरावांच्या १८५५च्या ‘तृतीय रत्न’मध्येही पाद्री आहे. पण मध्येमध्ये तोंड घालणारा विदूषकही आहे. इथं विदूषकच नाही.

मुकेपणात जात दाखवता येत नाही, हे खोटं. तालमीत आम्ही एकच प्रवेश केला: एकजण उंचावरून पाणी ओततो, दुसरा वाकून ओंजळीनं पितो. मागं बसलेल्या म्हाताऱ्यांचं हसणं थांबलं. पाळकसाहेबांनी तो प्रवेश काढून टाकला. आता पोरं तो चौकात करणार आहेत, तोंड न रंगवता.