चालकाचे माहितीपत्र : एक भाषिक परीक्षण

यंत्राच्या माहितीपत्राला टीकेचा विषय करावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. तथापि जे गद्य वाचून मनुष्य तत्काळ कृती करतो आणि ज्याचा अर्थ लावण्यात चूक झाल्यास पतसंस्थेच्या खातेवह्या किंवा तालुक्याचे दप्तर नाहीसे होण्याचा प्रसंग येऊ शकतो, ते गद्य परीक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवण्यास सबळ कारण दिसत नाही. फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीच्या माहितीसंग्रहाच्या चौथ्या विभागात ‘एमपीएस’ नावाच्या चालकाचे माहितीपत्र आहे. एलएसआय कंपनीच्या, प्रतिसेकंद सहा गिगाबिट वेगाच्या होस्ट अडॅप्टरांसाठी हा चालक लिहिला गेला. चालकाची मांडणी कशी करावी आणि बिघडल्यास दोष कसा शोधावा, हे सांगणे एवढेच या पत्राचे प्रयोजन आहे. ते प्रयोजन त्याच्या भाषेने कितपत साधले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘ड्रायव्हर’ला मराठीत ‘चालक’ म्हणतात. पण चालक वाहन चालवतो, आणि हा घटक काहीही चालवीत नाही. प्रणालीचे बोलणे अडॅप्टरला कळेल अशा रूपात मांडणे व त्याचे उत्तर परत प्रणालीच्या भाषेत आणणे, हे त्याचे काम. त्याला दुभाषी म्हणणे अधिक सार्थ झाले असते. ‘होस्ट अडॅप्टर’चे तर ‘यजमान अनुकूलक’ असे भाषांतर सहज सुचते. हे रूप रघुवीरी वळणाचे आहे. १९५६ पूर्वी बुलढाणा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या ज्या राज्यात मोडत होता, तेथे हिंदी व मराठी या दोन्ही कारभाराच्या भाषा होत्या, आणि डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून संस्कृत धातूंपासून सहस्रावधी पारिभाषिक शब्द सिद्ध केले होते. त्या पद्धतीची शिस्त नाकारता येत नाही. परंतु मराठी कानाला ‘यजमान’ म्हटले की सत्यनारायणाच्या पूजेस बसलेला गृहस्थ आठवतो, आणि अनुकूलकाच्या जागी उपाध्याय उभा राहतो !

याच जिल्ह्यातील बाजारात या वस्तूला शोभणारी आकृती पूर्वीपासून आहे. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्ग आला आणि खामगावचा कापूस थेट मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. त्या बाजारात शेतकऱ्याची गाडी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या उभा असतो. माल कोणाचा, कोणत्या प्रतीचा, तो कोठे उतरवावयाचा, वजन काय भरले, हे सर्व त्याच्या वहीतून जाते. शेतकऱ्याला खरेदीदाराची बोली ठाऊक असण्याचे कारण नसते. होस्ट अडॅप्टर हा संगणकाचा अडत्या होय. एका बाजूस मध्यवर्ती प्रक्रियक व स्मृती, दुसऱ्या बाजूस आठ, सोळा किंवा शेकडो चकत्या, मध्ये हा. अर्थात अडत्याला अडत मिळते व त्यामुळे त्याचा स्वतःचा स्वार्थ असतो, एवढा भेद लक्षात ठेवला म्हणजे उपमा पुरे.

या दोन बाजूंमध्ये जी भाषा बोलली जाते ती ‘स्कझी’. १९८६ साली ती अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. तारा बदलल्या, वेग वाढला, पण हुकमांचे व्याकरण बव्हंशी टिकून राहिले. या भाषेतील वाक्य सहा, दहा, बारा किंवा सोळा बाइटांचे असते आणि त्याचा पहिला बाइट हे क्रियापद असते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. येथे ते सर्वांआधी उच्चारले जाते, कारण वाक्य केवढे लांब असेल हे ऐकणाऱ्याला त्यावरूनच कळते. सगळी वाक्ये आज्ञार्थी. उत्तर मात्र आज्ञार्थी नाही. ते काम झाले किंवा झाले नाही असे सांगते, आणि झाले नसल्यास कारण एका लहानशा वर्गसूचीतून निवडून देते : माध्यमाचा दोष, यंत्राचा दोष, अवैध मागणी, आणि ‘युनिट अटेन्शन’ म्हणजे ‘माझी स्थिती बदलली आहे, इकडे लक्ष द्या’. हा शेवटचा वर्ग वस्तुतः दोष नव्हेच, तो निवेदनाचा प्रकार आहे. चकती स्वतः होऊन बोलू शकत नाही. म्हणून पुढचा हुकूम येईपर्यंत ती थांबते, आणि बहुधा तो हुकूम न पाळता हे निवेदन पुढे करते. प्रणाली ते ऐकून घेते व तोच हुकूम पुन्हा पाठवते.

आता माहितीपत्राकडे वळावे. मांडणीविषयीचा भाग संक्षिप्त आहे व सामान्यतः स्वच्छ आहे. कोणता पर्याय सर्व अडॅप्टरांना लागू, कोणता एकालाच, हे नावाच्या रचनेवरूनच ओळखता येते. व्यत्ययसूचनेची नवी पद्धत बंद कशी करावी, अमुक क्रमांकाचे लक्ष्य वगळावयाचे असल्यास काय लिहावे, चकती फिरू लागेपर्यंत किती सेकंद थांबावे, हे थोडक्यात सांगितले आहे. दोष दिसतो तो नावांत. ‘एनेबल एसएसयू’ हा पर्याय पाहावा. संगणक बंद होताना साटा जातीच्या चकत्यांना ‘थांबा’ असा हुकूम द्यावयाचा की नाही, हे तो ठरवतो. घनस्थितीच्या चकत्यांना हा हुकूम मिळाला नाही तर त्यांच्या अस्थिर स्मृतीतील मजकूर बुडण्याची भीती असते. म्हणजे पर्याय क्षुल्लक नव्हे. ‘एनेबल’ या क्रियापदाचा अर्थ ‘चालू करणे’, आणि चालू-बंद या दोहोंपलीकडे त्याला तिसरी अवस्था संभवत नाही. पण या पर्यायाची मूल्ये चार आहेत : ० म्हणजे कोणालाच नाही, १ म्हणजे फक्त घनस्थितीच्या चकत्यांना, २ म्हणजे फक्त फिरत्या चकत्यांना, ३ म्हणजे दोघींना. नाव वाचून ‘चालू असेल तर १’ असे समजणाऱ्याचे अनुमान योगायोगाने निभावते, कारण पूर्वनियोजित मूल्य १ हेच आहे. ज्याला सर्व चकत्यांना हुकूम द्यावयाचा आहे तो मात्र फसतो. प्रश्न ‘द्यावयाचा का’ हा नसून ‘कोणाला द्यावयाचा’ हा आहे, म्हणजे चतुर्थीचा आहे, आणि नावात चतुर्थीला स्थानच नाही.

खरे परीक्षण करावयास हवे ते दोषशोधनाच्या भागाचे. चालकाने किती व काय बोलावे हे एका संख्येने ठरते. संख्येतील प्रत्येक द्विमान स्थानाला एक विषय वाटून दिलेला आहे : १ सर्वसाधारण माहिती, २ चालकाचे गंभीर बिघाड, ४ नियंत्रकाच्या घटना, ८ नियंत्रकाच्या नोंदी, १६ पूर्वस्थितीवर आणण्याची कारवाई, ३२ चुकीचे प्राचल व कार्यलेखनातील चुका, ६४ प्रारंभ, १२८ अधिक तपशिलाची माहिती, २५६ वापरणाऱ्याकडून आलेले हुकूम, ५१२ साधनांची क्रमांकनिश्चिती, १०२४ कार्यांचा पावलोपावली मागोवा. पूर्वनियोजित मूल्य ३, म्हणजे पहिले दोन. घटना आणि पूर्वस्थितीची कारवाई दोन्ही हवी असल्यास ३ मध्ये ४ व १६ मिळवून २३ लिहावे. कोणतीही संख्या घेतली तरी तिचा विग्रह एकाच रीतीने होतो, ही या योजनेची शोभा आहे. मराठीतील कित्येक समासांना ही निःसंदिग्धता लाभलेली नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत संख्येऐवजी नावे लिहिण्याची व अधिक-उणे चिन्हांनी ती जोडण्याची वा काढण्याची सोयही झाली आहे.

योजना निर्दोष, परंतु वर्गीकरण सदोष आहे. अकरा वर्ग एका तत्त्वावर पाडलेले नाहीत. ‘बिघाड’ हा वर्ग गांभीर्यावरून पाडला. ‘नियंत्रकाच्या घटना’ व ‘वापरणाऱ्याचे हुकूम’ हे बोलणारा कोण यावरून पाडले. ‘प्रारंभ’ व ‘पूर्वस्थिती’ हे काळावरून. ‘अधिक माहिती’ हा वर्ग केवळ परिमाणावरून, आणि ‘मागोवा’ रीतीवरून. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण रचले तेव्हापासून शब्दांच्या जाती रूपावरून पाडाव्या, अर्थावरून की कार्यावरून, हा वाद मराठी व्याकरणात चालत आला आहे, आणि तिन्ही कसोट्या एकत्र लावल्याने होणारा गोंधळ अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तोच गोंधळ येथे आहे. प्रारंभीच नियंत्रकाने कळवलेली घटना ४ मध्ये शोधावी की ६४ मध्ये ? कार्यलेखकाला याचे उत्तर ठाऊक असते, कारण त्याच्यासमोर मूळ आज्ञावली असते. वाचकाला दोन्ही लावून पाहावे लागतात.

लिनक्स या प्रणालीतील स्कझीच्या मध्यस्तराने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. तेथेही एकच संख्या आहे, परंतु तिचे तीन-तीन द्विमान अंकांचे दहा गट केले आहेत. चुकांची हाताळणी, मुदत संपणे, साधनांचा शोध, हुकूम रांगेत घालणे, पुरा होणे असे हुकमाच्या प्रवासातील टप्पे म्हणजे गट. आणि प्रत्येक गटात ० ते ७ पर्यंतची पातळी म्हणजे परिमाण. ‘कशाविषयी’ आणि ‘किती’ हे दोन प्रश्न तेथे वेगळे राहिले. ती संख्या डोक्यात जुळवणे कष्टाचे आहे हे खरे. पण शास्त्रशुद्धता तिकडे आहे, सोय इकडे.

याहून गंभीर दोष ‘एरर’ या शब्दाचा. चकतीतून वाचताना चूक झाली म्हणजे पडद्यावर जी ओळ उमटते तिच्या आरंभी कंसात चकतीचे नाव, एमपीएसचे नाव, मार्ग, लक्ष्य व एकक यांचे क्रमांक येतात. एमपीएसचे नाव पाहून वाचकाची समजूत होते की एमपीएस बोलत आहे, आणि तो ३२ हा ‘एरर’चा वर्ग चालू करतो. त्याला काहीच अधिक मिळत नाही. कारण ती ओळ एमपीएसची नव्हे. ती त्याच्या वरच्या, ‘कॅम’ नावाच्या स्तरातील चकतीचालकाची आहे, आणि कंसातील मजकूर हा वक्त्याचे नाव नसून पत्त्याचा भाग आहे. टपालाच्या पाकिटावर ‘मु. पो. मेहकर’ असे असल्याने पत्र मेहकरने लिहिले असे ठरत नाही. ३२ मध्ये येतात त्या हुकमाच्या प्राचलांतील व कार्यलेखनातील चुका. सामान्य वाचकाला अभिप्रेत असलेली चूक तेथे नसतेच.

एका निवेदनाची मात्र प्रशंसा केली पाहिजे. मोठ्या वाचनलेखनात मजकुराचे स्मृतीतील तुकडे एका चौकटीत मावत नाहीत, तेव्हा अडॅप्टरला पुढच्या चौकटींची साखळी जोडून द्यावी लागते. या चौकटी संपल्या की चालक तसे सांगतो, आणि कोणत्या पर्यायाचे मूल्य वाढवण्याचा विचार करावा हेही नावानिशी सांगतो. कारण आणि उपाय एका ओळीत. ‘वाढवा’ न म्हणता ‘विचार करावा’ म्हणणे हे सौजन्य नसून अचूकपणा आहे. कारण हुकूम नाहीसा झालेला नसतो, चौकटी मोकळ्या होईपर्यंत तो रांगेत मागे घेतला जातो, आणि क्वचित् येणारा विलंब सोसावयाचा की स्मृती खर्चावयाची, हा निर्णय वाचकाचा आहे. मोकळ्या चौकटींची आजवरची नीचांकी संख्याही चालक जपून ठेवतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत उतरले होते याची खूण ठेवावी, तशी.

याउलट स्थिती २९ या षोडशमान संकेताची. हा चालकाचा शब्द नव्हे, स्कझीचा आहे. पण चालकाचा दोष शोधणाऱ्यास तो पदोपदी भेटतो. वीज आली, किंवा रीसेट, किंवा साधनाचा रीसेट ‘घडला’, एवढेच तो सांगतो. तीन कारणे एका ‘किंवा’ने बांधलेली आहेत. पुढे प्रमाणात उपसंकेतांनी ती वेगळी करण्याची सोय झाली, तरी अनेक चकत्या अद्याप मोघम रूपच पाठवतात. ‘घडला’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही. वीजपुरवठा ढिला असल्यास उपाय वेगळा, आणि उत्तर वेळेत न आल्याने चालकाने स्वतःच चकतीला रीसेट केले असल्यास वेगळा. मराठीत हे वाक्य लिहू जाता ‘झाले’ की ‘केले’, हा प्रश्न टाळता येत नाही. ‘केले’ म्हटले की लगेच तृतीयेची अपेक्षा उत्पन्न होते : कोणी केले? त्याचे उत्तर १६ या वर्गात असते. चालकाने हुकूम रद्द केला, मग लक्ष्याला रीसेट केले, हा क्रम तेथे कर्त्यासह नोंदलेला असतो. पण हा वर्ग पूर्वनियोजित ३ मध्ये नाही. परिणामी सर्वसाधारण स्थितीत वाचकाला कर्म दिसते, कर्ता दिसत नाही. आणि चांगल्या चकत्या सदोष म्हणून काढून टाकल्या जातात.

हा प्रश्न आता केवळ इंग्रजी वाचणाऱ्यांचा राहिलेला नाही. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अनुमती दिली आणि पुणे परिसरात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग निघाला. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. वऱ्हाडातील विद्यार्थी तेथे शिकतो, आणि रात्री बंद पडलेल्या चकत्यांच्या कपाटासमोर बसण्याचे काम पुढे त्याच्याकडे येते. त्याच्यासाठी हे माहितीपत्र मराठीत आणावयाचे झाल्यास शब्दास शब्द देऊन भागणार नाही. ‘फॉल्ट’ व ‘एरर’ यांना ‘दोष’ व ‘त्रुटी’ म्हटले तर मूळचा संभ्रम अधिक भारदस्त होऊन उतरेल, एवढेच. २ ला ‘चालकाचा बिघाड’, ३२ ला ‘प्राचलाची चूक’, १६ ला ‘चालकाने केलेली सावरणी’ असे वक्ता व विषय दाखवणारे नाव द्यावे लागेल. संकेत २९ च्या भाषांतरात मात्र अनुवादकाने कर्ता पुरवू नये, कारण चकतीलाच तो ठाऊक नसतो. ‘झाले’ असेच लिहून खाली १६ चा वर्ग पाहण्याची सूचना द्यावी.

१०२४ च्या वर्गाखाली एक टीप अवश्य हवी. मागोव्याची प्रत्येक ओळ शेवटी कोठे तरी लिहिली जाते, आणि ती त्याच अडॅप्टरवरील चकतीवर लिहिली जात असेल तर तिच्यामुळे नवे हुकूम निघतात, त्या हुकमांचाही मागोवा लिहिला जातो, आणि ज्या दोषाचा शोध चालला होता त्याच्या ओळी त्या गर्दीत कोठल्या कोठे जातात. अशा वेळी नोंदवही दुसऱ्या अडॅप्टरवर किंवा जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावर ठेवावी.