एकटांकी अक्षर आणि सरती शाई

समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभींच लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. तेथें अक्षराची जी कसोटी सांगितली आहे ती मोठी कडक आहे: ग्रंथाचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर एकाच टांकानें उतरलेलें वाटलें पाहिजे. ही कसोटी घालणारा स्वतः लेखणी धरून बसणारा होता. त्यांच्या हातचें म्हणून जतन केलेलें वाल्मीकिरामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत आहे. १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तें आम्हां नंदुरबारकरांच्या जिल्ह्याच्याच गांवीं होतें म्हणावयाचें!

हीच कसोटी घेऊन चिनी रेशमी पटाकडे गेल्यास मात्र फजिती होते. वांग द्वो (१५९२–१६५२) याचे भिंतीवर टांगावयाचे उंच पट पाहावे. कुंचला एकदां शाईंत बुडवून तो वरून खालीं लिहीत जातो. पहिलें अक्षर इतकें ओलें कीं शाई कांठाबाहेर पसरते. पुढचीं क्रमानें सुकत जातात. शेवटीं नुसते ओरखडे उरतात, आणि मग पुन्हां शाई. रेशमावर पडलेली रेघ मागें घेतां येत नाहीं. हा बेफिकीरपणा मात्र नव्हे. एक दिवस पूर्वाचार्यांच्या अक्षरांची नक्कल आणि एक दिवस लोकांच्या मागण्या, असा त्याचा नेम होता.

आमच्याकडील रसिक अशा पटांस 'जणूं चित्रच' म्हणून गौरवितात. आमच्या मतें ही दाद नसून पळवाट आहे. चिनी अक्षरांत रेघांचा क्रम ठरलेला असतो. म्हणून जाणता वाचक लिहिणाराच्या हातामागोमाग चालतो, तो कोठें थबकला, कोठें धांवला, हें त्याला कळतें. चित्राकडे असें कोणी पाहत नाहीं.

आमच्या बोरूची जात निराळी, हें खरें. त्याच्या तिरक्या छाटाची जाडी कोनानें येते, कुंचल्याची दाबानें. तरीहि असा धांवता हात आम्हांस नव्हता असें नाहीं. आधीं कागदभर रेघ ओढून तिच्याखालीं न थांबतां पळणारी मोडी आणखी काय होती? अलीकडे अच्युत पालव यांनीं मोडी व देवनागरी यांच्या मेळांतून मुक्तलिपी घडविली, ती या हाताची आठवण ठेवूनच. पण आमचे स्तुतीचे शब्द अजून 'मोत्यासारखें' आणि 'वळणदार' हेच; दोन्ही बालबोध पोथीच्या मापाचे. दप्तरांतल्या घाईच्या मोडी पत्रांतहि शेवटच्या ओळींत शाई सरत आलेली असते. वाचणारा तेथें भिंग घेतो, तारीख लावतो आणि कारकुनास दूषण देतो.