‘न्यूटन’मधले ते चौघे

निवडणूक आली की माझ्या मित्रांच्या स्टेटसवर ‘न्यूटन’ हजर होतो. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंकडून. “बघा, तिकडे जंगलात जीव धोक्यात घालून मतदान घेतात आणि तुम्हाला सोसायटीशेजारच्या शाळेपर्यंत जायचा कंटाळा,” असं म्हणणारे त्याचा दाखला देतात. “मतदान म्हणजे नुसता देखावा, हा सिनेमा बघा म्हणजे कळेल,” असं म्हणणारेही त्याचाच देतात. एकच सिनेमा दोन उलट गोष्टींचा पुरावा ठरत असेल, तर तो पुन्हा एकदा नीट पाहायला हवा.

अमित मसुरकर यांचा हा सिनेमा २०१७चा. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताने तोच पाठवला होता. न्यूटन कुमार (राजकुमार राव) हा सरकारी कारकून छत्तीसगडच्या दंडकारण्यात ७६ मतदारांच्या एका केंद्रावर अधिकारी म्हणून जातो. सोबत निवृत्तीला टेकलेला लोकनाथ (रघुवीर यादव), तिथली शिक्षिका मलको (अंजली पाटील) आणि बंदोबस्ताच्या तुकडीचा प्रमुख आत्मा सिंग (पंकज त्रिपाठी). न्यूटनला मतदान नियमाप्रमाणे व्हायला हवं आहे. आत्मा सिंगला हा दिवस एकदाचा सुखरूप संपवायचा आहे.

इंजिनिअर माणसाला न्यूटन लगेच आवडतो. मामला सरळ आहे. नियम लिहिलेले आहेत, ते पाळले की सिस्टिम चालायला हवी. टेबल मांडलं, मशीन लावलं, यादी उघडली, आता लोक येतील. लोक येत नाहीत. मग परदेशी पत्रकार येणार असं कळतं आणि जवान वस्तीवर जाऊन लोकांना घेऊन येतात. रांग लागते. कॅमेऱ्याला हवं ते मिळतं. पण रांगेतल्यांना उमेदवार कोण ते माहीत नाही. न्यूटन समजावून सांगायला जातो, तेव्हा त्यांना एवढंच विचारायचं असतं की मत दिल्यावर आम्हाला काय मिळणार. शेवटी आत्मा सिंग मशीन एखाद्या खेळण्यासारखं दाखवतो आणि आवडेल ते बटण दाबायला सांगतो. मतं पडतात.

या दृश्यावर आपण हसतो आणि ‘लोकशाहीचा उपहास’ असं लेबल लावून पुढे जातो. मला ते दृश्य त्याहून नेमकं वाटतं. मत देण्याला अर्थ येतो तो न देण्याची मोकळीक असेल तेव्हाच. दंडकारण्यात माओवादी बहिष्काराची हाक देतात आणि सुरक्षा दलांना रांग दिसायला हवी असते. आपल्या बोटावरची शाई सेल्फीत जाते. तिथे शाई असली तर एकाला उत्तर द्यावं लागतं, नसली तर दुसऱ्याला. अशा ठिकाणी ‘मत द्यायचं की नाही’ हा निर्णय मतदाराचा राहतच नाही.

सप्टेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नोटा’चं बटण द्यायला सांगितलं, त्यामागेही हाच विचार होता. त्याआधी केंद्रावर जाऊन मत नाकारायचं, तर नोंदवहीत तसा शेरा पडे आणि मतदाराला सही करावी लागे. म्हणजे दिलेलं मत गुप्त, पण नकार उघड. न्यायालयाने नकारालाही गुप्तता दिली. निकालावर मात्र त्या बटणाचा काही परिणाम होत नाही. २०२४मध्ये इंदूरला ‘नोटा’ २ लाखांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि पहिल्या क्रमांकाचा उमेदवार निवांत लोकसभेत गेला.

आता आपल्याकडे बघू. २०२४च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के मतदान झालं. दंडकारण्याच्याच पट्ट्यातल्या गडचिरोली-चिमूरमध्ये बऱ्याच भागात सुरक्षेसाठी दुपारी ३ वाजताच मतदान बंद होत होतं. तिथला आकडा ७० टक्क्यांच्या वर गेला. शहरातल्या ‘नाही’वाल्यांचं गणित मला पाठ आहे, कारण आमच्या टीममध्ये दर निवडणुकीला ते चहासोबत मांडलं जातं. १७-१८ लाख मतदारांत माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य. मग यादीत नाव गावाकडे असताना जाऊन-येऊन दोन दिवस का घालवायचे?

गणित बरोबर आहे. वायव्य मुंबईचा निकाल त्याच निवडणुकीत ४८ मतांनी लागला, हे काही त्याला उत्तर होत नाही. ४८ हा आकडाही एकापेक्षा मोठाच आहे. पण या गणितात मत म्हणजे फक्त निकाल फिरवायची कळ असं आधीच धरलेलं आहे. ‘न्यूटन’मध्ये चार माणसं अशी आहेत की ज्यांच्यापुढे हे गृहीतक टिकत नाही.

पत्रकार निघून गेल्यावर हल्ला झाल्याचा बनाव करून मतदान लवकर गुंडाळलं जातं. न्यूटनला ते कळतं. परतीच्या वाटेवर चार आदिवासी भेटतात. त्यांना मत द्यायचं आहे. न्यूटन आत्मा सिंगची बंदूक हिसकावतो, त्याच्यावरच रोखतो आणि या चौघांचं मत होऊन वेळ संपेपर्यंत खाली घेत नाही. सबंध सिनेमात आपल्या पायांनी, आपण होऊन मत द्यायला आलेले एवढेच. आणि त्यांचं मतही बंदुकीच्या धाकातच पडतं, फक्त या वेळी बंदूक नियम पाळणाऱ्याच्या हातात असते.

इथे माझी या सिनेमाशी तक्रार आहे. हे चौघे का आले? त्यांना उमेदवार माहीत होते का? भीती नव्हती, की असूनही आले? सिनेमा विचारत नाही. त्याचं सगळं लक्ष न्यूटनच्या हट्टाकडे आणि मग त्याला पडलेल्या माराकडे. गावाच्या वतीने बोलायला एकटी मलको आहे. अंजली पाटीलने ती फार संयमाने उभी केली आहे, पण ७६ जणांचं म्हणणं तिच्या एकटीच्या तोंडी कसं मावणार? मतदाराला कुणी विचारत नाही असं सांगणारा सिनेमाही मतदाराला विचारायचं विसरतो. म्हणूनच दोन्ही बाजूंना तो आपापल्या स्टेटससाठी सहज वापरता येतो.

तरी ते चौघे माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपल्या मताने दिल्ली हलणार नाही हे त्यांना कळत नसेल, असं मला वाटत नाही. यादीत आपलं नाव आहे, तर आपण मोजले गेलो पाहिजे, एवढीच मागणी घेऊन ते आले असावेत. हा माझा अंदाज आहे, सिनेमाने मोकळ्या सोडलेल्या जागेत केलेला. मत न द्यायची पुरती मोकळीक मला आहे. मला घरातून कुणी उचलून नेणार नाही, शाई बघून कुणी जाब विचारणार नाही. ती मोकळीक मी शक्यतेच्या गणितावर खर्चायची का, हा प्रश्न ‘न्यूटन’ने माझ्यापुढे टाकला. पुढच्या लोकसभेला मी गावाकडे जाणार आहे. तिथे एखादं नाव दाबेन की ‘नोटा’, ते उमेदवारांची यादी आल्यावर बघू.

तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा न्यूटनपेक्षा त्या चौघांकडे बघा. पडद्यावर ते फार वेळ नाहीत, नजर ठेवावी लागेल.