औष्णिक प्रतिमा आणि वणव्याची कड

विमानातून औष्णिक प्रतिमा घेऊन वणव्यावर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीविषयी लिहिताना ‘विमानाला धुरातूनही आग दिसते’ असे विधान सर्रास केले जाते. विधान खोटे नाही. परंतु त्यातील ‘दिसते’ हे क्रियापद फसवे आहे. या प्रतिमेवरून आखलेल्या नकाशाच्या भरवशावर माणसे आगीसमोर उभी राहतात, म्हणून त्या क्रियापदाची चिकित्सा अवश्य वाटते.

अमेरिकेच्या वनसेवेने १९६२ साली मोंटाना राज्यातील मिझूला येथे ‘प्रोजेक्ट फायर स्कॅन’ या नावाने या विषयावर संशोधन आरंभिले. त्यामागील तत्त्व सुबोध आहे. ३०० केल्विन तापमानाची जमीन १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक उत्सर्जन करते, तर १००० केल्विनची आग ३ मायक्रोमीटरच्या आसपास. दोन्ही कृष्णवस्तू मानून गणित केले, तर ४ मायक्रोमीटर तरंगलांबीस आगीचे उत्सर्जन तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जमिनीच्या सुमारे साडेचार हजार पट भरते. ११ मायक्रोमीटरला तीच पट तिसाच्या आत येते. म्हणजे प्रतिमेच्या एका घटकाने व्यापिलेल्या भूमीचा साडेचार हजारावा अंश जरी पेटलेला असला, तरी त्या घटकाची चमक दुप्पट होते. धुराचे बहुतेक कण या तरंगलांबींहून लहान असल्याने अडसर फारसा होत नाही. ढगांचे थेंब मात्र मोठे. तेथे हे उपकरण आंधळे होते.

आग कोठे आहे, या प्रश्नाला ही पद्धत उत्तम उत्तर देते. आपण ज्याला विझलेला वणवा म्हणू, त्यातील धुमसते खोडही तिच्या नजरेतून सहसा सुटत नाही. परंतु आग कोठे संपते, हा प्रश्न निराळा आहे. घटकाच्या एका कोपऱ्यात ज्वाळा असली, तरी अख्खा घटक उजळतो आणि कड बाहेर सरकते. उलट दाट पर्णछत्राखाली सरपटणारी आग, किंवा थंडावलेल्या राखेखाली दडलेला निखारा, कडेच्या बाहेरच राहून जाण्याचा संभव असतो. दिवसा उन्हाने तापलेले खडक आणि परावर्तित सूर्यप्रकाश यांची भर पडते. म्हणून उड्डाणे प्रायः रात्री होतात. दोन तरंगपट्टांची तुलना केल्याने हा घोटाळा पुष्कळसा निवारता येतो, सर्वस्वी नव्हे. तात्पर्य, नकाशावरील रेषा हा अर्थ लावणाऱ्या तज्ज्ञाचा निर्णय असतो. तो तज्ज्ञ अनुभवी असल्यास निर्णय बहुधा योग्यही असतो. पण उपकरणाने ती रेषा ‘पाहिलेली’ नसते.

दुसरा आक्षेप काळाचा. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील ‘कॅम्प फायर’ हा वणवा सकाळी साडेसहाच्या सुमारास लागला आणि दीड-दोन तासांत पॅरडाइझ गावात शिरला. वाऱ्याने उडालेले निखारे ज्वाळांच्या पुढे जाऊन पडत होते. त्या वणव्यात ८५ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या रात्रीच्या उड्डाणाला तेथे टिपण्यासारखे काहीच नव्हते. हा दोष उपकरणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रात्रीच्या नकाशालाच पहारा समजणाऱ्यांचा तो दोष आहे.

त्याच राज्यात २०१९ पासून ‘फायरिस’ या उपक्रमाची विमाने वणवा चालू असतानाच घिरट्या घालून त्याची सीमा खाली कळवू लागली. काळाविषयीचा आक्षेप त्यामुळे बराच सौम्य झाला. कडेविषयीचा आक्षेप मात्र आहे तेथेच आहे, कारण तो वेगाचा प्रश्न नव्हे.