मोबाईल हळू झाला : मत, बातमी आणि पुरावा

मोबाईल, टी.व्ही., फ्रिज यांविषयी प्रत्येकाचे काही ना काही ठाम मत असते. ‘नवे मॉडेल बाजारात आले की कंपनी जुने फोन मुद्दाम हळू करते’ हे त्यांपैकी एक. त्यावरचे उत्तरही तितकेच ठाम असते : ‘हे सगळे मनाचे खेळ. दुसऱ्याच्या हातात नवा फोन दिसला, की आपला मंद वाटू लागतो.’ पहिले मत मांडणारा संशयी आणि दुसरे मांडणारा विज्ञाननिष्ठ, अशी आपली समजूत असते. पण पुराव्यावाचून केलेला इन्कार हेही एक मतच होय. आयफोनच्या बाबतीत २०१७ साली या दोन्ही मतांची परीक्षा झाली आणि दोन्ही अपुरी ठरली. ते कसे, हे शिक्षकांनी पाहण्यासारखे आहे.

त्याआधी, २०१४ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थिनीने ‘आयफोन हळू’ या अर्थाचे शब्द लोक गूगलवर केव्हा आणि किती शोधतात, हे तपासले. नवे मॉडेल येताच हा शोध एकदम वाढत असे. त्याच विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी त्यावर वृत्तपत्रात लिहिताना सावधगिरीचा इशारा दिला. नव्या मॉडेलबरोबर नवी संचालन प्रणालीही येते आणि ती जुन्या यंत्राला जड जाऊ शकते. लोकांना त्रास जाणवतो, एवढेच या आलेखावरून कळते. तो कशामुळे होतो, हे कळत नाही.

कारणाचा धागा डिसेंबर २०१७ मध्ये सापडला. आयफोन ६ एस वापरणाऱ्या एकाने बॅटरी बदलली आणि फोनचा वेग वाढल्याचे मोजून दाखवले. हे एकाच फोनचे उदाहरण होते. प्रायमेट लॅब्ज या संस्थेकडे मात्र वेग मोजणारी चाचणी होती आणि लोकांनी आपापल्या फोनवर घेतलेल्या या चाचणीचे गुण तिच्याकडे जमा होत असत. संस्थेचे जॉन पूल यांनी एकाच मॉडेलच्या फोनांचे गुण संचालन प्रणालीच्या आवृत्तीनुसार वेगळे केले आणि प्रत्येक आवृत्तीचा आलेख काढला.

या आलेखांत खरी गंमत आहे. मंदपणा केवळ मनाचा खेळ असता, तर सर्व आवृत्त्यांत एकच शिखर त्याच जागी दिसले असते. नवी प्रणाली सगळ्याच फोनांना जड गेली असती, तर ते शिखर संपूर्णपणे कमी गुणांकडे सरकले असते. प्रत्यक्षात जुन्या १०.२ आवृत्तीत एकच मोठे शिखर होते, पण १०.२.१ मध्ये, आणि त्याहून स्पष्टपणे ११.२ मध्ये, कमी गुणांच्या बाजूला आणखी लहान शिखरे उगवली. म्हणजे काही फोन पूर्ण वेगाने चालत होते, तर काही ठरावीक पायऱ्यांनी मंद झाले होते. मॉडेल एक, प्रणाली एक, तरी वेग वेगळा! तेव्हा फोनागणिक बदलणारी एखादी गोष्ट याला कारण असली पाहिजे. पूल यांनी बॅटरीच्या स्थितीकडे बोट दाखवले. थोड्याच दिवसांत ॲपल कंपनीने ते मान्य केले.

यामागचे भौतिकशास्त्र आपल्या अभ्यासक्रमातलेच आहे. प्रत्येक विद्युतघटाला अंतर्गत रोध असतो आणि घट जुना होईल तसा तो वाढतो. समजा, घटाचा दाब ३.७ व्होल्ट आहे आणि प्रोसेसरने क्षणभर ३ अँपिअर प्रवाह मागितला. अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल, तर ०.३ व्होल्ट आतच खर्ची पडून बाहेर ३.४ व्होल्ट मिळतील. रोध ०.२५ ओहम झाला असेल, तर ०.७५ व्होल्ट आत जातील आणि बाहेर जेमतेम २.९५ उरतील. (हे आकडे समजण्यासाठी सोयीचे म्हणून घेतले आहेत.) दाब इतका घसरला की फोन एकाएकी बंद पडतो. २०१६ च्या अखेरीस अशाच तक्रारी येत होत्या. त्यावर उपाय म्हणून कंपनीने जानेवारी २०१७ च्या १०.२.१ आवृत्तीत, बॅटरी थकलेली असल्यास प्रोसेसरचा वेग आवरण्याची सोय केली. तंत्र म्हणून हा उपाय चुकीचा नव्हता. चूक होती ती ग्राहकाला स्पष्टपणे न सांगण्याची.

त्यानंतरच्या बातम्यांचा सूर बहुधा ‘अखेर कंपनीची कबुली’ असा होता. त्यातून वाचकाने काढलेला अर्थ म्हणजे पहिले मत खरे ठरले! पण पुरावा तसे म्हणत नाही. मंदपणा खरा होता, पण तो नव्या मॉडेलच्या आगमनाशी नव्हे, तर बॅटरीच्या वयाशी बांधलेला होता. वाचकाच्या खऱ्या कामाची गोष्ट, म्हणजे नवी बॅटरी बसवली की वेग परत येतो, ही मथळ्यात यायला हवी होती. अमेरिकेत तेव्हा बॅटरी बदलण्याचा खर्च ७९ डॉलर होता आणि त्या वर्षीच्या आयफोन एक्सची किंमत ९९९ डॉलर. टीकेनंतर कंपनीने माफी मागून बॅटरीचा दर २९ डॉलरवर आणला. पुढे २०२० मध्ये फ्रान्सने ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल अडीच कोटी युरो दंड केला. अमेरिकेतील दाव्यात कंपनीने दोष न स्वीकारता पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. या माहितीअभावी ज्यांनी चांगला फोन टाकून नवा घेतला, त्यांच्या पैशाचा आणि त्यातून निघालेल्या कचऱ्याचा हिशेब मात्र कोणत्याच बातमीत नव्हता.

हा पाठ वर्गात सहज दाखवता येतो. टॉर्चचा एक नवा व एक वापरून थकलेला सेल घ्यावा. दोन्हींचा दाब मल्टिमीटरने आधी नुसता आणि मग छोटा दिवा जोडून मोजावा. नुसता मोजताना दिसणारा थोडासा फरक दिवा लागताच किती वाढतो, हे मुलांना स्वतः नोंदू द्यावे. (मोबाईलची बॅटरी मात्र कधीही उघडू नये; ती पेट घेऊ शकते.) त्यानंतर उपकरणांविषयीची एखादी बातमी वाचायला देऊन तीन प्रश्न विचारावेत : काय दिसले? ते कशाने मोजले? आणि सांगितलेले कारण खोटे असते, तर काय वेगळे दिसले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत क्वचितच सापडते. ते विद्यार्थ्यांनीच शोधायचे आहे.