मसूर स्टेशनावरचा व्हिसा

'सहभागी कला' या नावाने पाश्चात्य जगात गेली काही दशके जी चळवळ चालू आहे, तिला 'सीमा' हा विषय फार प्रिय आहे. प्रेक्षकाने कलाकृतीसमोर नुसते उभे राहावयाचे नाही. फॉर्म भरावयाचा, शिक्का मारून घ्यावयाचा आणि घटकाभर जगाचा नागरिक व्हावयाचे. या कल्पनेमागील मानवतावाद खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु तो कोणाच्या अनुभवातून आला, हे विचारल्याशिवाय त्याची समीक्षा होऊ शकत नाही.

स्लोव्हेनियातील 'एन.एस.के.' या कलावंतांच्या गटाने 1992 साली एक राज्य जाहीर केले. त्याला भूमी नाही, सीमा नाहीत. ते केवळ काळात वसलेले आहे. या राज्याचे पासपोर्टही निघाले आणि रसिकांनी ते हौसेने घेतले. पुढे नायजेरियातून अर्ज येऊ लागले. त्यांतील पुष्कळांना वाटले की, हे पुस्तक दाखवले की युरोपात शिरता येईल. तेव्हा कलावंतांना खुलासा करावा लागला की, बाबांनो, ही कलाकृती आहे, हिने सीमा ओलांडता येत नाही! त्यासाठी 2010 च्या सुमारास त्यांच्यापैकी काही जण लागोसलाही गेले. ज्याच्या खिशात खरा पासपोर्ट आहे त्यालाच खोट्या पासपोर्टची गंमत कळते. ज्याला तो मिळत नाही, तो त्या कलाकृतीचा सर्वांत गंभीर वाचक ठरतो आणि नेमके त्यालाच 'तुझा गैरसमज झाला' असे ऐकावे लागते. त्यामानाने क्युबाच्या तानिया ब्रुगेरा यांनी 2011 पासून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्थलांतरितांसाठी चालवलेले केंद्र मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे कलेच्या नावाखाली इंग्रजी शिकवले जाई, कायद्याचा सल्ला मिळे. शिक्का मारण्याचे नाटक तरी नव्हते.

आता आपल्याकडे या. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलेल्या एका छोट्या आत्मपर टिपणाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परदेशी माणसाला उमजावे म्हणून ते लिहिले. त्यातला पहिला प्रसंग 1901 चा, आणि तो घडतो आमच्या खानापूरला लागून असलेल्या मुलखात. साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. त्यांना वडिलांकडे खटाव तालुक्यातील गोरेगावला जावयाचे आहे. कपडे चांगले, तिकिटे रीतसर. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो; परंतु तोंडून 'महार' हा शब्द निघताच त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवाला पोरांबरोबर गाडीत बसायला तयार नाही. शेवटी पोरांनी गाडी हाकावयाची आणि मालकाने बाजूने चालावयाचे, असा तोडगा निघतो. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळत नाही.

वर्गात हा प्रसंग वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, स्टेशनमास्तरने विचारलेच नसते तर?" समीक्षकांच्या जाड ग्रंथांत न सापडणारा प्रश्न तिने विचारला होता. सीमा जमिनीवर आखलेली नसते, ती विचारणाऱ्याच्या प्रश्नात असते. एन.एस.के.च्या राज्याला भूमी नाही याचे केवढे कौतुक! जातीच्या राज्यालाही नकाशा नाही. पण त्याचे नाके मात्र प्रत्येक स्टेशनावर आहेत.

त्याच टिपणातला बडोद्याचा प्रसंगही याच्या शेजारी ठेवून वाचावा. अमेरिका आणि युरोपातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच बाबासाहेबांच्या मनातून पुसली गेली होती. समुद्र ओलांडताना जो प्रश्न आड आला नाही, तो बडोद्यात खोली शोधताना आडवा आला. आणि आज? फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराच्या परिषदेला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. आपली माणसे व्हिसासाठी रांगेत उभी राहिली, जात रांगेविनाच पोचली.

ज्यांना 'गुन्हेगार' ठरवले त्या जमातींची गोष्ट तर आणखी उघड आहे. 1871 च्या कायद्याने त्यांना हजेरी लावली. सेटलमेंटबाहेर पडायचे तर पास हवा. आपल्याच देशात फिरायला लागणारा हा व्हिसा 1952 पर्यंत चालू होता. कायदा गेला, पण भटक्याच्या पालाभोवतीचा संशय गेला नाही, हे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने 1980 साली दाखवून दिले.

आमच्या विट्याकडची पोरे सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर गेली. मराठी येत नसलेल्या शहरांत त्यांनी दुकाने थाटली. मुक्त संचाराचे हे उत्तम उदाहरण म्हणून दाखवता येईल. पण नवे पोरगे दुकानावर जाते ते पाहुण्या-रावळ्याच्या ओळखीने. ज्याचा पाहुणाच त्या धंद्यात नाही, त्याने कोणाचे बोट धरावे?

म्हणून सहभागाची कसोटी एकच मानावी असे मला वाटते: सहभागी होणाऱ्याने काय पणाला लावले? 20 मार्च 1927 रोजी महाडला हजारो माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली आणि पाणी प्याली. त्याला कोणी कला म्हटले नाही, म्हणण्याची गरजही नव्हती. परंतु प्रेक्षक आणि कर्ता यांतील भेद तिथे खऱ्या अर्थाने मिटला. परतताना त्यांतील अनेकांनी मार खाल्ला. गॅलरीतून बाहेर पडताना कोणी मार खात नाही.

आंबेडकरी जलसे आणि लाल बावटा कलापथक यांचा विचार याच अंगाने व्हावयास हवा. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी पायी मुंबईला गेले आणि 1961 साली रशियाला जाऊन आले. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. गावी राहिलेली बायको आणि राज्याबाहेर राहिलेला सीमाभाग यांचा विरह ती एकत्र बांधते. समोर बसलेल्या गिरणी कामगाराची बायकोही गावीच असे. त्याला वेगळा फॉर्म भरून सहभागी व्हावे लागत नसे. तरीही एक नोंदवले पाहिजे. त्या छक्कडीतली सीमा भाषेची आहे, गावकुसाची नाही. गावकूस त्यांनी 'फकिरा'त (1959) आणले. या दोन सीमा एकाच लेखकाने दोन वेगळ्या प्रकारांत का मांडल्या, फडावर एक आणि कादंबरीत दुसरी असे का झाले, याचा शोध आमच्या समीक्षेने अजून घ्यावयाचा आहे.